व्हिडिओ गेममधील शैली आणि नियम : 'इंडस' व 'किलर सेव्हन' यांच्या निमित्ताने

गोषवारा

नेमबाजीच्या व्हिडिओ गेममधील 'शैली' म्हणजे चित्रे, वेशभूषा आणि संगीत, असे सर्वसाधारणपणे समजले जाते. जपानमधील 'किलर सेव्हन' (२००५) आणि पुणे येथील सुपरगेमिंग या कंपनीचा 'इंडस' (२०२४) या दोन गेम्सची तुलना करून प्रस्तुत लेखात असे प्रतिपादन केले आहे की, शैली दृश्य पातळीवर आहे की खेळाच्या नियमांत उतरली आहे, यावर गेमचे वेगळेपण अवलंबून असते. एखादा गेम खेळाडूंमध्ये तीव्र मतभेद का निर्माण करतो, याचे उत्तरही बऱ्याच अंशी येथेच सापडते. 'भारतीय गेम' या संकल्पनेचा विचार करताना हा भेद विशेष महत्त्वाचा ठरतो.

बीजशब्द : व्हिडिओ गेम, शैली, नियम, भारतीयता, यक्षप्रश्न, मोक्षपट

१. प्रास्ताविक

विद्यार्थी काय वाचतात याविषयी प्राध्यापकवर्गात पुष्कळ चर्चा होते. ते काय खेळतात याविषयीची चर्चा मात्र बहुधा 'वेळेचा अपव्यय' या शब्दांपाशीच थांबते. वास्तविक कादंबरी, नाटक आणि चित्रपट यांच्याप्रमाणेच व्हिडिओ गेम हाही आज अर्थनिर्मितीचा एक प्रकार आहे. एस्पेन आर्सेथ यांचा 'सायबरटेक्स्ट' हा ग्रंथ १९९७ मध्ये प्रसिद्ध झाला. तेव्हापासून पाश्चात्त्य विद्यापीठांत या विषयाचा स्वतंत्र अभ्यास दृढ होत गेला. भारतीय उपखंडातील गेम्सविषयी सौविक मुखर्जी यांनी ग्रंथलेखन केले आहे. मराठीत मात्र या विषयाची चर्चा एकतर व्यसनाच्या अंगाने होते, नाहीतर रोजगाराच्या अंगाने.

ही उणीव आता जाणवू लागण्यास एक प्रत्यक्ष कारण आहे. २ सप्टेंबर २०२० रोजी केंद्र शासनाने ११८ मोबाइल अॅप्सवर बंदी घातली. त्यांत 'पबजी मोबाइल' या अत्यंत लोकप्रिय गेमचा समावेश होता. त्यानंतर 'स्वदेशी गेम' ही मागणी जोराने पुढे आली आणि देशी कंपन्यांनी तिला प्रतिसाद दिला. २०२५ मध्ये ऑनलाइन गेमिंगविषयीचा केंद्रीय कायदा संमत झाला. त्याने पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या गेम्सना मनाई केली आणि ई-स्पोर्ट्सना स्वतंत्र मान्यता दिली. त्याच वर्षी महाराष्ट्र शासनाने अॅनिमेशन व गेमिंग क्षेत्रासाठी धोरण मंजूर केले. आपल्याच महाविद्यालयांतील विद्यार्थी उद्या हे गेम्स रचणार आहेत. अशा वेळी 'भारतीय गेम' कशाला म्हणावे, हा प्रश्न केवळ तात्त्विक राहत नाही. तो परीक्षकाच्या टेबलावर प्रकल्पाच्या रूपाने येऊन पडतो.

२. नियम म्हणजे काय? मोक्षपटाचा दाखला

गेमच्या संदर्भात 'नियम' हा शब्द व्यापक अर्थाने घ्यावा लागतो. खेळाडू काय करू शकतो आणि काय करू शकत नाही, कोणत्या कृतीला बक्षीस मिळते, हार आणि जीत कशावर ठरते, इतकेच नव्हे तर कोणते बटण दाबल्यावर काय घडते, या सर्वांचा त्यात समावेश होतो. कादंबरी आपला आशय सांगते, नाटक तो दाखवते, तर गेम तो खेळाडूकडून करवून घेतो. इयान बोगोस्ट यांनी 'पर्स्वेसिव्ह गेम्स' (२००७) या ग्रंथात हाच मुद्दा सविस्तर मांडला आहे. नियमांची रचना हीच गेमची वक्तृत्वशैली असते, असा त्यांच्या विवेचनाचा आशय आहे.

मराठी वाचकाला यासाठी परदेशी दाखल्याची गरज नाही. लोकपरंपरेने संत ज्ञानेश्वरांशी जोडलेला मोक्षपट हा याचा उत्तम नमुना होय. या पटावर शिडीच्या पायथ्याशी एखादा सद्गुण, सापाच्या तोंडाशी एखादा दुर्गुण आणि अखेरच्या घरात मोक्ष असतो. खेळणाऱ्याला कोणी उपदेश करीत नाही. दुर्गुणाच्या घरात सोंगटी पडली की ती खाली घसरते आणि बोध आपोआप होतो. येथे नाव आणि नियम एकमेकांना पुरावा देतात. पुढे पाश्चात्त्य आवृत्त्यांतून सद्गुण-दुर्गुणांची ही नावे हळूहळू गळाली, नियम तेवढे शिल्लक राहिले आणि मोक्षपटाची 'सापशिडी' झाली. सापशिडीत चढणे-उतरणे तेच आहे. पण त्याचा अर्थ हरपला आहे.

नाव गेले आणि नियम उरला, तर काय होते हे सापशिडी दाखवते. याच्या उलट, नाव ठेवले आणि नियम दुसरीकडून आणला तर काय होईल? आजच्या देशी गेम्सविषयीचा खरा प्रश्न हाच आहे.

३. 'किलर सेव्हन' : नियमात उतरलेली शैली

नेमबाजीच्या गेमला खेळाडूंच्या भाषेत 'शूटर' म्हणतात. त्याचा रूढ साचा असा : खेळाडू हव्या त्या दिशेने फिरतो, शत्रू दिसला की नेम धरतो आणि गोळी झाडतो. डोळा आणि बोट यांच्यातील अंतर जितके कमी, तितका खेळाडू निपुण. हा साचा इतका रुळलेला आहे की, तो बदलता येतो याचीही अनेकांना कल्पना नसते.

२००५ मध्ये जपानमधील ग्रासहॉपर मॅन्युफॅक्चर या संस्थेने रचलेला आणि कॅपकॉम कंपनीने प्रकाशित केलेला 'किलर सेव्हन' हा साचा जाणीवपूर्वक मोडतो. त्याचे लेखन-दिग्दर्शन गोइची सुदा यांचे, तर संगीत मुख्यतः मासाफुमी ताकादा यांचे. निन्टेन्डो गेमक्यूब आणि प्लेस्टेशन २ या दोन कन्सोलसाठी तो प्रसिद्ध झाला. हार्मन स्मिथ नावाचा चाकाच्या खुर्चीतील वृद्ध आणि त्याच्याशी जोडलेली सात मारेकरी व्यक्तिमत्त्वे, असा त्याचा कथाव्यूह आहे. शांततेसाठी साऱ्या क्षेपणास्त्रांचा नाश केलेल्या एका कल्पित जगात, अमेरिका आणि जपान यांच्यातील सत्ताकारणाच्या पार्श्वभूमीवर हे कथानक घडते.

प्रथमदर्शनी लक्षात येते ती त्याची चित्रशैली. सपाट आणि ठळक रंग, धारदार सावल्या, तपशील गाळून केवळ आकार ठेवलेल्या भिंती आणि दालने यांमुळे त्याचे प्रत्येक दृश्य भित्तिपत्रकासारखे वाटते. परंतु त्याचे खरे वेगळेपण हाताखाली आहे. या गेममध्ये खेळाडूला मोकळेपणी फिरता येत नाही. एक बटण दाबून धरले की पात्र ठरलेल्या वाटेने पुढे धावते, दुसरे दाबले की मागे वळते. वाट फुटते तेथे पर्यायांपैकी एक निवडावा लागतो. नेम धरण्यासाठी थांबावे लागते. धावता धावता गोळी झाडण्याची सोय नाही.

शत्रूंची रचनाही अशीच विलक्षण आहे. 'हेवन स्माइल' या नावाचे हे शत्रू प्रारंभी डोळ्यांना दिसतच नाहीत. आधी त्यांचे हसणे ऐकू येते. मग खेळाडूने थांबून, एक वेगळे बटण दाबून समोरचा भाग तपासला की ते दृश्यमान होतात आणि त्यांच्या शरीरावरील मर्मस्थान चमकू लागते. तेथे नेम लागला तर शत्रू एका गोळीत नष्ट होतो. नेम चुकला तर तो हसत जवळ येतो आणि स्वतःचा स्फोट घडवितो. रूढ शूटरमधील डोळा आणि बोट यांच्या जोडीऐवजी येथे कान, डोळा आणि बोट अशी तीन पायऱ्यांची साखळी तयार होते. भीतीचा उगम दृश्यात नसून ऐकू आलेल्या हसण्यात आहे. आवाज बंद ठेवून हा गेम नीट खेळताच येत नाही. म्हणजे ध्वनी ही येथे सजावट राहिलेली नाही. ती खेळाची अट झाली आहे.

ठरलेल्या वाटेच्या नियमाचेही असेच आहे. हा मुख्यतः एका अशा माणसाचा वृत्तान्त आहे की, आपण आज्ञा पाळून काम करतो असे त्याला वाटते; पण स्वतःच्या भूतकाळाविषयी तो पूर्णपणे अंधारात असतो. हा माणूस म्हणजे गार्सियन स्मिथ. इतर व्यक्तिमत्त्वांपैकी कोणी मारले गेले, तर तेथवर जाऊन त्यांचे शिर उचलून आणणे आणि त्यांना पुन्हा उठविणे, हे काम त्याचे. आपण वाट निवडतो आहोत असा खेळाडूचा भ्रम आणि आपण स्वतंत्र आहोत हा गार्सियनचा भ्रम, हे दोन्ही अखेरीस एकदमच गळून पडतात. हालचालीवरील बंधन हे अशा रीतीने कथेच्या आशयाचेच दुसरे रूप ठरते.

४. मतभेदांचे स्वरूप

हा गेम प्रसिद्ध झाल्यावर समीक्षक आणि खेळाडू यांच्यात सरळ दोन तट पडले. एका पक्षाने त्याचे दृश्यसौंदर्य, संगीत आणि धाडस यांची मुक्तकंठाने स्तुती केली. दुसऱ्या पक्षाने ठरलेल्या वाटेवरून चालणे, त्याच त्या दालनांतून पुन्हा पुन्हा फिरणे, सोपी कोडी आणि दुर्बोध कथानक यांवर बोट ठेवले. विक्रीच्या दृष्टीने त्याला मोठे यश लाभले नाही. मात्र त्याचा एक निष्ठावंत चाहतावर्ग तयार झाला आणि २०१८ मध्ये तो संगणकासाठी पुन्हा प्रकाशित करण्यात आला.

दोन्ही पक्ष एकाच गोष्टीविषयी बोलत होते, हे येथे ध्यानात घेण्याजोगे आहे. ज्याला एक बंधन म्हणतो, त्यालाच दुसरा शैली म्हणतो. चित्रशैली न आवडणारा प्रेक्षक चित्रावरून नजर काढून घेऊ शकतो. नियम न आवडणाऱ्या खेळाडूला तशी सोय नसते, कारण नियम त्याच्या बोटांतून घडत असतो. म्हणून शैली नियमात उतरली की मतभेद टोकाचे होतात. या मतभेदांवरून गेम श्रेष्ठ ठरत नाही. पण शैली वरवरची नाही, याची ती एक खूण मात्र आहे.

५. पुण्याचा 'इंडस'

नेमबाजीच्या गेमला स्वतंत्र शैली देण्याचा महाराष्ट्रातील अलीकडील सर्वांत ठळक प्रयत्न म्हणजे 'इंडस'. पुण्यातील सुपरगेमिंग या कंपनीने तो रचला. रॉबी जॉन हे या कंपनीचे मुख्य कार्यकारी अधिकारी आहेत आणि 'मास्कगन' या मोबाइलवरील शूटरमुळे कंपनीस या क्षेत्राचा पूर्वानुभव होता. २०२२ मध्ये घोषित झालेला हा गेम १६ ऑक्टोबर २०२४ रोजी अँड्रॉइड आणि आयओएस या दोन्ही प्रकारच्या फोनसाठी प्रसिद्ध झाला. त्यापूर्वीच एक कोटीहून अधिक पूर्वनोंदणी झाल्याचे कंपनीने जाहीर केले होते. देशी गेमविषयी केवढी अपेक्षा निर्माण झाली होती, हे यावरून दिसते.

'इंडस' हा 'बॅटल रॉयल' प्रकारातील गेम आहे. अनेक खेळाडू एका विस्तीर्ण भूभागावर उतरतात, शस्त्रे गोळा करतात, खेळण्याचे क्षेत्र क्रमाक्रमाने आकुंचन पावते आणि अखेरपर्यंत टिकणारा विजयी होतो. कौशुन ताकामी यांच्या १९९९ मधील जपानी कादंबरीवरून आणि तिच्यावर आधारलेल्या २००० मधील चित्रपटावरून या प्रकाराला नाव मिळाले. २०१७ मधील 'पबजी'ने तो जगभर रूढ केला.

या साच्याला 'इंडस'ने जे रूप दिले, त्याला त्याचे निर्माते 'इंडो-फ्यूचरिझम' असे म्हणतात. भारतीय परंपरेतील आकार आणि कल्पना घेऊन भविष्याची कल्पना करणे, असा त्याचा अर्थ. विर्लोक नावाची भूमी, तेथे नांदून गेलेली यक्षांची प्राचीन संस्कृती, आणि सर-ताज, बिग-गज, मोरनी यांसारखी पात्रे, अशी ही सृष्टी आहे. गज आणि मयूर ही आपल्या शिल्पकलेतील चिरपरिचित रूपे येथे अंतराळयुगाच्या वेशात येतात. पाश्चात्त्य गेम्समधील भारत बहुधा साधू, गर्दी आणि पडके महाल यांपुरता मर्यादित असतो. त्या पार्श्वभूमीवर भारतीय रूपांना भूतकाळातून काढून भविष्यकाळात नेणे हे पाऊल महत्त्वाचे होते, यात शंका नाही.

६. 'कॉस्मियम' आणि वैर

'इंडस'मध्ये नियमांच्या पातळीवरही काही नवे घडले आहे. त्यांतील प्रमुख गोष्ट म्हणजे 'कॉस्मियम'. सामन्याच्या अखेरच्या टप्प्यात हा अमूल्य पदार्थ प्रकट होतो. तो जो हस्तगत करील, तो सर्व प्रतिस्पर्धी जिवंत असतानाही विजयी ठरतो. ही वरवर लहान दिसणारी भर साच्याच्या मर्मावर घाव घालते. रूढ बॅटल रॉयलमध्ये लपून राहणे हे एक लाभदायक धोरण असते : इतरांनी एकमेकांना संपवावे आणि आपण शेवटी बाहेर यावे. कॉस्मियममुळे लपणाऱ्याला बाहेर येणे भाग पडते. 'शेवटी उरणे' याऐवजी 'काहीतरी मिळविणे' हेही विजयाचे सूत्र होऊ शकते.

दुसरी भर म्हणजे वैराची नोंद. ज्याने आपल्याला बाद केले, त्याच्याविषयीचा राग पुढील सामन्यात नेऊन त्याचा वचपा काढण्याची सोय गेममध्ये ठेवण्यात आली. सामना संपला की सारे विसरायचे, या बॅटल रॉयलच्या अनाम स्वभावाला ती छेद देते.

तरीही प्रसिद्धीनंतर 'इंडस'विषयीची मते विभागलीच. देशी रूपाचे स्वागत करणारे पुष्कळ होते. परंतु सर्वांची तुलना एकाच मापाने चालली होती : पबजीच्या भारतीय अवताराइतका हा गेम सफाईदार चालतो का, बंदुकीचा धक्का तसाच जाणवतो का, फोन अडखळतो का? 'किलर सेव्हन'विषयीचा वाद शैलीविषयी होता, तर 'इंडस'विषयीचा वाद मुख्यतः सफाईविषयी झाला. साचा तोच असेल, तर खेळाडू मूळ साच्याशीच तुलना करणार, हे स्वाभाविक आहे.

७. न विचारलेला यक्षप्रश्न

'इंडस'च्या कथेनुसार 'मिथवॉकर' म्हणविणारे हे लढवय्ये 'कोव्हेन' नावाच्या एका बाह्य संघटनेच्या वतीने विर्लोकावर येतात. तेथील कॉस्मियम शोधणे हे त्यांचे काम. यक्षांच्या भूमीवर परकी संघटनेची माणसे मौल्यवान द्रव्य नेण्यासाठी उतरतात, हे चित्र भारतीय वाचकाला इतिहासाची आठवण करून दिल्याशिवाय राहत नाही. गेमचा नियम खेळाडूला या द्रव्याचा रक्षक करीत नाही, वाटेकरीही करीत नाही. तो त्याला ते उचलून नेणारा करतो. कथेत दडलेला हा प्रश्न खेळण्याच्या क्रियेत कोठेही उपस्थित होत नाही.

येथे 'यक्ष' या नावाचा विचार करणे उद्बोधक ठरेल. आपल्या परंपरेत यक्ष हे कुबेराचे अनुचर आणि निधीचे राखणदार आहेत. महाभारताच्या वनपर्वातील यक्षप्रश्नाची कथा तर सर्वश्रुतच आहे. तहानलेले पांडव एकामागून एक सरोवरापाशी येतात. आधी प्रश्नांची उत्तरे द्या आणि मग पाणी घ्या, असा यक्षाचा इशारा असतो. चौघे भाऊ तो डावलून पाणी पितात आणि कोसळतात. युधिष्ठिर थांबतो, उत्तरे देतो आणि चौघांनाही पुन्हा उठवून नेतो.

गेमरचनेच्या दृष्टीने पाहिले, तर ही कथा म्हणजे एक परिपूर्ण नियमावली आहे. घेण्यापूर्वी थांबा, घाई करणारा बाद होईल, जो थांबेल तो बाद झालेल्यांनाही परत आणू शकेल. वेगावर आणि हावेवर चालणाऱ्या बॅटल रॉयलच्या नेमका विरुद्ध जाणारा हा नियम आहे. 'किलर सेव्हन'मधील थांबून तपासण्याची सक्ती आणि गार्सियनने मृतांना उठविणे यांचे या कथेशी असलेले साम्य केवळ योगायोगाचे आहे. पण त्यावरून असा नियम प्रत्यक्ष शूटरमध्ये चालू शकतो, एवढे तरी सिद्ध होते. 'इंडस'ने यक्षाचे नाव घेतले, त्याचा प्रश्न मात्र सरोवरापाशीच राहिला. सापशिडीत नियम उरला आणि नाव गेले. येथे नाव आले आणि नियम मागे राहिला.

८. एक प्रतिउदाहरण : 'फौजी'

आशयातून आलेला नियम आपोआप यशस्वी होतो, असे मात्र समजू नये. बंगळुरूच्या एनकोर गेम्स या कंपनीचा 'फौजी' हा गेम पबजीवरील बंदीपाठोपाठ सप्टेंबर २०२० मध्ये घोषित झाला आणि २६ जानेवारी २०२१ रोजी प्रसिद्ध झाला. पबजीला पर्याय म्हणून त्याच्याकडे पाहिले जात होते. प्रत्यक्षात पहिल्या आवृत्तीत गलवान खोऱ्याचे कथानक होते आणि लढाई हातघाईची होती, बंदुका नव्हत्या. खेळाडूंचा अपेक्षाभंग झाला आणि गेमचे गुणांकन घसरले.

वास्तविक बंदुकीचा अभाव हा विषयाशी इमान राखणारा होता. १९९६ च्या भारत-चीन करारानुसार प्रत्यक्ष नियंत्रण रेषेच्या दोन किलोमीटरच्या आत गोळीबारास मनाई आहे आणि जून २०२० मधील गलवानचा संघर्ष गोळीबाराविनाच झाला होता. परंतु बंदूक का नाही, ही गोष्ट खेळण्याच्या अनुभवातून अर्थपूर्ण झाली नाही. ती उणीव म्हणूनच जाणवली. केवळ नियम बदलून भागत नाही. बदललेल्या नियमाभोवती नवे कौशल्य, नवा ताण आणि नवे समाधान उभे करावे लागते, हा धडा यातून मिळतो. 'किलर सेव्हन'ने चालणे काढून घेतले, पण बदल्यात ऐकणे दिले.

९. शैली पृष्ठभागावरच का राहते?

'इंडस'च्या निर्मात्यांना हे सुचले नसेल, असा याचा अर्थ नाही. कारण अर्थव्यवस्थेत आहे. 'किलर सेव्हन' एकट्याने खेळायचा आणि एकदाच पैसे देऊन विकत घ्यायचा गेम होता. थोड्या खेळाडूंना तो अतिशय आवडला, तरी त्याचे काही प्रयोजन सिद्ध होत होते. 'इंडस' मोफत मिळतो आणि त्याला प्रत्येक सामन्यासाठी एकाच वेळी अनेक खेळाडू हवे असतात. नियम अपरिचित असले तर खेळाडू पहिल्याच दिवशी निघून जातो आणि उरलेल्यांनाही खेळायला सोबती मिळत नाहीत. साध्या फोनवरही तो चालावा लागतो.

याखेरीज मोफत गेम्सचे उत्पन्न मुख्यतः पात्रांचे पोशाख आणि शस्त्रांची रूपे यांच्या विक्रीतून येते. म्हणजे शैली ही येथे विक्रीयोग्य वस्तू असते आणि वस्तू विकायची तर ती मूळ खेळापासून वेगळी करता आली पाहिजे. यक्षाचा मुकुट विकता येतो. यक्षाचा प्रश्न विकता येत नाही. पृष्ठभागावरील शैली हा अशा रीतीने कल्पनाशक्तीचा दोष नसून व्यवसायाच्या रचनेचा परिणाम आहे. तो ओळखल्याशिवाय देशी गेम्सवर केलेली टीका अन्यायकारक ठरेल.

१०. नाशिकचा एक पूर्वदाखला

परकीय तंत्र आणि देशी आशय यांच्या मेळाचा प्रश्न नाशिकला नवा नाही. त्र्यंबक येथे १८७० मध्ये जन्मलेल्या दादासाहेब फाळके यांनी 'द लाइफ ऑफ ख्राइस्ट' हा चित्रपट पाहिला आणि आपल्या देवतांची चरित्रे पडद्यावर आणण्याचा निश्चय केला. १९१३ मध्ये 'राजा हरिश्चंद्र' प्रदर्शित झाल्यावर त्याच वर्षी त्यांनी आपली निर्मिती नाशिकला हलविली. कॅमेरा परकीय, कथा आपली, एवढेच त्यांचे कार्य असते, तर तेही आज केवळ नावांचा बदल म्हणूनच ओळखले गेले असते.

परंतु 'लंकादहन' (१९१७) आणि 'कालियामर्दन' (१९१९) या चित्रपटांत फाळके यांनी युक्तिछायाचित्रणाचा जो उपयोग केला, त्याने चित्र बदलले. आकाशात झेपावणारा हनुमान हा विषय पुराणातला होता आणि त्याला उडविणे ही कॅमेऱ्याची स्वतःची शक्ती होती. कीर्तनकाराला जे केवळ वर्णावे लागे, ते चित्रपटाला घडविता आले. आशय आणि माध्यमाचे स्वतःचे सामर्थ्य येथे एकत्र आले. कॅमेऱ्याच्या बाबतीत जे स्थान युक्तिदृश्याचे, तेच गेमच्या बाबतीत नियमाचे आहे.

११. मूल्यमापनासाठी तीन प्रश्न

वरील विवेचनावरून विद्यार्थ्यांच्या गेमप्रकल्पांचे परीक्षण करताना उपयोगी पडतील असे तीन प्रश्न मांडता येतील.

(अ) नावे बदलली तर काय उरते? पात्रांची, स्थळांची आणि शस्त्रांची नावे काढून घेतल्यावरही खेळ जसाच्या तसा राहत असेल, तर आशय अद्याप नियमात उतरलेला नाही. 'किलर सेव्हन'मधून हसणे काढले तर खेळ मोडतो. 'इंडस'मधून यक्ष काढले तर कथा बदलते, पण खेळ बदलत नाही. कॉस्मियमचा नियम काढला तर मात्र तो बदलतो.

(आ) बक्षीस कोणत्या कृतीला आहे? प्रस्तावनेत शांततेचा संदेश आणि गुण मात्र प्रत्येक वधाला, अशी विसंगती अनेक प्रकल्पांत आढळू शकते. प्रस्तावना वाचली जाते किंवा वगळली जाते. गुणांचे कोष्टक मात्र प्रत्येक खेळाडू मनोभावे पाळतो.

(इ) बंधनाच्या बदल्यात काय दिले? अपरिचित नियम हा स्वतःच गुण नव्हे. त्याने खेळाडूला नवे काही करायला, ऐकायला किंवा पाहायला लावले पाहिजे.

यांतील एकाही प्रश्नासाठी परीक्षकाला स्वतः निपुण खेळाडू असण्याची आवश्यकता नाही. काव्यात छंद आणि आशय यांचा संबंध तपासणाऱ्या किंवा नाटकात संहिता आणि प्रयोग यांचे नाते शिकविणाऱ्या अध्यापकाची दृष्टी येथेही पुरेशी आहे. मराठी, इतिहास आणि तत्त्वज्ञान या विषयांच्या अध्यापकांनी संगणकशास्त्राच्या सहकाऱ्यांसमवेत असे प्रकल्प तपासले, तर दोन्ही बाजूंना लाभच होईल.

१२. निष्कर्ष

१. नेमबाजीच्या गेममधील शैली दोन ठिकाणी असू शकते : दृश्य पृष्ठभागावर आणि नियमांच्या रचनेत. 'किलर सेव्हन'मध्ये ती दोन्हीकडे आहे. 'इंडस'मध्ये ती मुख्यतः पहिल्या ठिकाणी असून कॉस्मियमच्या रूपाने दुसऱ्या ठिकाणी प्रवेश करू पाहते.

२. शैली नियमात उतरली की खेळाडूंतील मतभेद तीव्र होतात. अशा मतभेदांना सरसकट अपयश समजणे योग्य नाही.

३. मोफत आणि बहुखेळाडू गेम्सची अर्थव्यवस्था शैलीला पृष्ठभागावर ठेवते. म्हणून नियमांतील प्रयोगांची अपेक्षा लहान आणि एकट्याने खेळायच्या गेम्सकडून करणे अधिक वास्तव आहे. व्यवसायाचे दडपण नसलेले विद्यार्थ्यांचे प्रकल्प ही त्यासाठी सर्वांत सोयीची जागा होय.

४. 'भारतीय गेम' ही संज्ञा केवळ निर्मितीस्थळावरून किंवा नावांवरून ठरविता येणार नाही. मोक्षपट आणि यक्षप्रश्न यांसारख्या परंपरेत नियमांचे जे भांडार आहे, त्याचा शोध घेणे आवश्यक आहे. तो शोध मराठी आणि संस्कृतच्या अभ्यासकांनी घेतला नाही, तर संगणकाच्या पडद्यावर यक्ष येत राहतील. पण त्यांच्यापैकी कोणीही पाण्यापाशी कोणाला थांबविणार नाही.